सूर जुळला हे कसे ओळखावे?

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी समूहगीत बसवताना दोन-तीन मुलांना हळूच सांगितले जाते, "तुम्ही नुसते ओठ हलवा." कार्यक्रम छान होतो, टाळ्या पडतात. पण ओठ हलवणाऱ्या त्या मुलांपैकी बरीच मुले पुढे घरीसुद्धा गुणगुणणे बंद करतात. "माझ्या गळ्यात सूर नाही" हे वाक्य ती इतक्या सहजपणे बोलू लागतात, की जणू काही ते डोळ्यांच्या रंगासारखे जन्मजात आहे. या लेखात आपण या वाक्याची भौतिकशास्त्राच्या बाजूने तपासणी करणार आहोत. तपासणीसाठी लागणारे साहित्य बहुतेकांच्या घरी आहे किंवा शेजारी मागून मिळेल.

प्रथम, सूर चुकतो म्हणजे नेमके काय होते? तुम्ही गाता तेव्हा घशातील दोन स्वरतंतू अत्यंत वेगाने मिटतात आणि उघडतात. दर सेकंदाला जितक्या वेळा हे घडते, ती त्या स्वराची कंप्रता. (काही पाठ्यपुस्तकांत हिलाच वारंवारिता म्हटले आहे.) तुमच्यापुढे ठेवलेला स्वर २४० कंपनांचा असेल आणि तुमच्या गळ्यातून २४० निघाली, तर सूर लागला. २३४ निघाली, तर उतरला. २४६ निघाली, तर चढला. म्हणजे बेसूर होणे ही एक संख्यात्मक चूक आहे. गणितात उत्तर ६ ने चुकले म्हणून कोणी "तुझ्या हातात गणित नाही" असे म्हणत नाही. ६ चा फरक कुठे राहिला हे शोधले जाते. गाण्यात मात्र आपण एकदम निकालच देऊन मोकळे होतो.

अडचण आहे ती दुसरीकडे. सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात; बोट कोठे ठेवायचे ते डोळ्यांना दिसते. घशातील स्वरतंतूंवर अशा खुणा नाहीत. ते किती ताणले आहेत हे हाताने चाचपता येत नाही, आरशात पाहता येत नाही. स्वर बाहेर पडल्यानंतर तो कानाने ऐकायचा आणि मग घशाच्या स्नायूंनी दुरुस्ती करायची, एवढा एकच मार्ग आहे. या फेरीला सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून नवशिक्याने भराभर स्वर म्हणू नयेत. स्वर संपून जातो आणि कानाचा निरोप घशाकडे पोहोचतच नाही. एकच स्वर श्वास पुरेल तोवर लांबवावा, ही जुन्या गवयांची शिस्त कंटाळवाणी वाटली तरी तिच्यामागे हे कारण आहे.

आता मुख्य प्रश्न. कानाने ऐकायचे म्हणजे काय ऐकायचे? "नीट ऐक" एवढे सांगून मुलाला काही कळत नाही. त्याला ऐकण्यासाठी एखादी ठळक खूण हवी. निसर्गाने ती दिलेली आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सोनोमीटरचा प्रयोग असतो. एका लाकडी पेटीवर ताणलेली तार, तिच्याखाली दोन घोड्या, आणि शेजारी २५६ कंपनांचा नादकाटा. घोडी सरकवून तारेचा स्वर नादकाट्याशी जुळवायचा. दरवर्षी काही विद्यार्थी सुरुवातीलाच सांगून टाकतात, "सर, मला सुरातले काही कळत नाही." त्यांना एवढेच सांगावे लागते की सूर राहू दे, तार आणि काटा एकदम वाजव आणि आवाज लहान-मोठा होतो का तेवढे पाहा. तारेची कंपने २६० असतील तर एकत्र आवाज सेकंदाला चार वेळा फुगतो आणि चार वेळा ओसरतो. २५८ असतील तर दोन वेळा. दोन कंप्रतांमध्ये जितका फरक, तितक्या वेळा ही भरती-ओहोटी. पुस्तकात हिला विस्पंद म्हणतात. घरी मुलांशी बोलताना आपण "लाटा" म्हणू. दहा-पंधरा मिनिटांत, सुरातले काही न कळणारा तो विद्यार्थी, तार एक-दोन कंपनांच्या अंतरापर्यंत बिनचूक आणून ठेवतो. त्या काळात त्याचा कान बदललेला नसतो. काय ऐकायचे ते फक्त त्याला कळलेले असते.

असे का होते? दोन ध्वनी एकाच वेळी कानाशी येतात तेव्हा कधी दोघांचेही हवेवरील दाब एकदम वाढतात आणि आवाज मोठा होतो. थोड्या वेळाने, कंप्रता सारखी नसल्यामुळे, एक मागे पडतो. एकाचा दाब वाढत असताना दुसऱ्याचा घटत असतो, आणि दोघे एकमेकांना खोडून काढतात. रस्त्याने दोन मित्र जवळजवळ सारख्याच चालीने जात असले, तर कधी त्यांची पावले जुळतात, कधी विरुद्ध पडतात, पुन्हा जुळतात, तसेच हे.

घरी याचा प्रत्यय घेण्यासाठी दोन प्रयोग सांगतो. पहिल्यासाठी थंड पेयाच्या सारख्या आकाराच्या दोन काचेच्या बाटल्या घ्या. खालचा ओठ तोंडाशी टेकवून कडेवरून फुंकर घातली की बाटली घुमते. एक बाटली तुम्ही वाजवा, दुसरी भावाला किंवा बहिणीला द्या. दोन्ही रिकाम्या असताना स्वर जवळजवळ एक येईल. आता एका बाटलीत चमचाभर पाणी घाला. आतली हवा थोडी कमी झाली, त्यामुळे स्वर किंचित चढला. तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत पाच मिलिलिटरच्या एका चमच्याने कंप्रता शेकडा एकाहून थोडी कमीच वाढते. म्हणजे सेकंदाला एक-दीड लाट. दोन चमच्यांनी त्या दुप्पट होतील, चार चमच्यांनी आणखी घाईने येतील. फुंकर एकसारखी पडणे हीच यातली मेख आहे. पहिल्या दहा-बारा प्रयत्नांत हसू आवरणार नाही, ते आवरल्यावर लाटा ऐकू येतील.

दुसरा प्रयोग पेटीवर. समोरची एकच खुंटी ओढा, म्हणजे सुरांचा एकच संच वाजेल. सर्वांत खालच्या सप्तकातील पांढरी एक आणि काळी एक या दोन पट्ट्या एकदम दाबा. त्यांची कंपने सुमारे १३०.८ आणि १३८.६ आहेत. फरक जवळजवळ आठ. आवाज थरथरल्यासारखा होईल, ती सेकंदाला आठ लाटांची थरथर. हीच जोडी मधल्या सप्तकात दाबली तर कंप्रता दुप्पट, म्हणून फरकही दुप्पट, सुमारे सोळा. आता लाटा वेगवेगळ्या मोजता येत नाहीत, नुसता खरखरीतपणा जाणवतो. बेसूर गाणे कानाला का बोचते याचे एक कारण तुम्हाला येथेच सापडेल.

हे दोन्ही प्रयोग झाले की मुलाच्या कानाला खूण पटलेली असते. मगच गळ्याकडे वळावे. हा क्रम उलटा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी गायला लावून नंतर चुका काढण्यात मुलाचे धैर्य खचते. आधी कान तयार केला तर चूक ही त्याला सापडलेली वस्तू होते, दुसऱ्याने त्याच्यावर टाकलेला आरोप राहत नाही.

गळ्यासाठी कृती अशी. पेटीची एकच पट्टी अगदी हलक्या भात्याने वाजती ठेवा. मुलाने ओठ मिटून "म्‌म्‌म्" असा स्वर धरावा. तोंड उघडून आकार लावण्यापेक्षा गुणगुणणे बरे, कारण त्यात स्वर अधिक स्थिर राहतो आणि लाजही कमी वाटते. पेटीचा आणि गळ्याचा आवाज साधारण सारखा मोठा असावा. एक फार मोठा असला तर लाटा बुडून जातात. आता मुलाने स्वर किंचित, अगदी किंचित, वर सरकवावा. लाटा संथ झाल्या तर दिशा बरोबर. घाईने येऊ लागल्या तर दिशा चुकली, उलट खाली यायचे. लाटा विरळ होत होत जवळजवळ थांबल्या, की पेटी आणि गळा मिळून एकच आवाज आहे असे वाटू लागते. "आई, अजून लाटा आहेत का गं?" असे मुलाने विचारले तर आईने उत्तर देऊ नये. "तूच मोज" म्हणावे. साऱ्या पद्धतीचे मर्म या दोन शब्दांत आहे.

येथे एक सावधगिरी. गळ्यातला स्वर नादकाट्याइतका स्थिर कधीच नसतो. मोठ्या गवयाचाही नसतो. एक-दोन कंपनांचा हेलकावा राहणारच. तेव्हा लाटा पूर्ण थांबल्याच पाहिजेत असा हट्ट धरू नये. त्या सावकाश झाल्या, पुरे.

आता ज्यांना लाटा ऐकू येऊनही स्वर जुळत नाही त्यांच्याविषयी. त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा पट्टी चुकलेली असते. वडिलांचा सा काळी एकचा, म्हणजे सुमारे १३९ कंपनांचा. आईचा काळी चारचा, म्हणजे सुमारे २०८ चा. आठ-दहा वर्षांच्या मुलाचे स्वरतंतू आखूड आणि हलके. आखूड तार उंच बोलते हे तुम्ही सोनोमीटरवर शिकता, तोच नियम येथे लागू आहे. वडिलांच्या पट्टीत गाऊ लागले की ते मूल खाली घशात अडकते किंवा वरच्या सप्तकात जाऊन तार सा ला किंचाळते, आणि दोन्ही वेळा घरातली मंडळी म्हणतात, "सूर नाही." दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगाला बसला नाही म्हणून कोणी आपल्या हातपायांना दोष देत नाही.

मुलाची पट्टी अशी शोधावी. पेटीवर एकेक पट्टी खाली उतरत जा आणि मुलाला गुणगुणायला सांगा. ज्या स्वरावर आवाज स्पष्ट येतो, पण त्याच्या खाली गेल्यावर नुसती हवा येते, ती त्याची तळाची पायरी. तेथून काळ्या-पांढऱ्या मिळून तीन-चार पट्ट्या वर चढा. तेथे सा मानून पाहा. मग तार सा म्हणायला सांगा. मान ताणली, भुवया वर गेल्या, की एखादी पट्टी खाली या. आठवडाभर एकाच पट्टीत गाऊन मगच ती पक्की करावी. एकाच घरातल्या दोन भावंडांची पट्टी एक असलीच पाहिजे असे मुळीच नाही. तालीम सोयीची जावी म्हणून ती एक करू नये.

पेटीचा आवाज हलका ठेवा असे वर म्हटले, त्याचे आणखी एक कारण आहे. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कर्णवैद्याने १९११ साली असे नोंदवले, की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो, आणि गोंगाट थांबला की आवाज आपोआप उतरतो. घरातला उत्साही पेटीवाला जोरात भाता मारतो तेव्हा हेच घडते. मूल ओरडू लागते, ओरडल्याने गळा ताणतो, आणि स्वतःचा आवाज तर त्याला ऐकूच येत नाही. स्वतःचा आवाज ठळक ऐकण्यासाठी एक साधा उपाय आहे. जुनी वही गुंडाळून नळी करा किंवा हाताचा पन्हाळ्यासारखा आकार करून तो तोंडापासून कानापर्यंत धरा. गाणारे लोक कानाशी हात नेतात, ती केवळ लकब नसते.

या नळीवरून ध्वनिमुद्रणाची गोष्ट निघते. पूर्वी टेपरेकॉर्डर असलेले घर विरळा होते; आता मोबाइल घरोघरी आहे आणि मूल स्वतःचे गाणे त्यात लगेच ऐकू शकते. पहिल्यांदा ऐकताच जवळजवळ प्रत्येक मूल म्हणते, "शी, हा माझा आवाज?" आणि पुन्हा गायला तयार होत नाही. या ठिकाणी भौतिकशास्त्राने त्याच्या मदतीला यावे. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक वाट हवेतून, तोंडाकडून कानाकडे. दुसरी डोक्याच्या हाडांतून, थेट अंतर्कर्णाकडे. ही दुसरी वाट खालच्या कंप्रता अधिक चांगल्या पोहोचवते, म्हणून स्वतःला आपला आवाज भरदार वाटतो. दोन्ही कानांत बोटे घालून गुणगुणून पाहा. आवाज बंद होण्याऐवजी घुमतो, ती हाडांची वाट. मोबाइल फक्त हवेतला आवाज टिपतो, त्यामुळे तो पातळ वाटतो. संगीताच्या पुस्तकांत नादाचे तीन गुण दिलेले असतात: उंची, लहानमोठेपणा आणि जात. ध्वनिमुद्रणात जात बदललेली वाटते. उंची, म्हणजेच कंप्रता, तीच राहते. तेव्हा मुद्रण ऐकताना आवाज गोड आहे का असे विचारू नका. सूर जुळला का एवढेच विचारा. गोडी हा वेगळा विषय आहे आणि पहिल्या वर्षी तो काढण्याची गरज नाही.

मुद्रणाचा खरा उपयोग तुलनेसाठी. दर रविवारी तेच तीन स्वर, त्याच पट्टीत, पेटीच्या साथीने मुद्रित करावेत आणि वहीत तारीख घालून लिहावे: सा ला किती लाटा, रे ला किती, प ला किती. दोन महिन्यांनी जुने मुद्रण काढून ऐकले की प्रगती कोणी सांगावी लागत नाही. पाहुण्यांसमोर "बाळ, एक गाणे म्हणून दाखव" असा आग्रह मात्र या काळात टाळावा. पाहुण्यांनी कौतुक केले तरी त्या कौतुकातून मुलाला स्वतःच्या सुराविषयी काही माहिती मिळत नाही.

मोबाइलवर कंप्रता आकड्यात किंवा काट्याने दाखवणारी साधनेही मिळतात. पट्टी शोधण्यासाठी, एखादा प्रयोग पडताळण्यासाठी ती जरूर वापरा. पण गाताना पडद्यावरच्या काट्याकडे पाहत राहिल्यास डोळे शिकतात, कान शिकत नाही. काटा सतत थरथरतो, आणि आपण चुकतोच आहोत अशी भीती उलट वाढते.

तानपुरा घरी असेल तर उत्तमच. मधल्या दोन तारा, म्हणजे जोडी, एकाच सा त जुळवायच्या असतात. त्या जुळवण्याचे काम मोठ्यांनी स्वतःकडे ठेवू नये. मुलाच्या हाती मणी द्यावा. लाटा ऐकणे, मणी किंचित सरकवणे, पुन्हा ऐकणे. यात गळ्याचा संबंधच नाही, त्यामुळे लाजण्याचे कारण नाही, आणि कानाची तयारी मात्र पुरेपूर होते. तानपुऱ्याच्या तारेतून एकच स्वर येत नाही. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वरही येतात. हे सर्वच तारांच्या बाबतीत खरे आहे. पण साधी तार जेथे छेडावी त्या बिंदूमुळे काही उपस्वर उमटतच नाहीत. तानपुऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते, तीवर जवारीचा दोरा असतो, आणि कंप पावताना तार घोडीला पुन्हापुन्हा स्पर्श करते. त्यामुळे जे उपस्वर गैरहजर असायला हवेत तेही हजर असतात. ही गोष्ट चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरील १९२१ सालच्या आपल्या निबंधात दाखवून दिली. लहान मुलाला याचा फायदा असा, की त्याच्या उंच आवाजाला जुळणारा एखादा तरी उपस्वर तानपुऱ्यात नक्की सापडतो. त्याला स्वर अधांतरी शोधावा लागत नाही. मोबाइलवरचा तानपुराही चालेल. त्याच्या चिमुकल्या ध्वनिवर्धकातून खर्जाची मूळ कंपने फारशी बाहेर पडत नाहीत, तरी वरच्या उपस्वरांवरून आपला मेंदू खर्ज ओळखून घेतो. हा चमत्कार स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आठवी-नववीच्या मुलांसाठी आता थोडे वेगळे. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचा स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सुमारे १७ ते २५ मिलिमीटर लांब असतात, स्त्रीचे सुमारे १२.५ ते १७.५. लांब आणि जड तार खाली बोलते. मुलाचा आवाज काही महिन्यांत जवळजवळ एक सप्तक उतरतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन पट्ट्यांपुरता. या काळात मुलाचा घसा म्हणजे घोड्या रोज सरकत असलेला सोनोमीटर. काल ज्या ताणाला २०८ कंपने येत होती त्याच ताणाला आज १८० येतात, आणि मध्येच आवाज फाटतो. वर्गात हशा पिकतो. चांगली गाणारी कितीतरी मुले येथे गाणे सोडतात, आणि सोडताना "माझा सूर गेला" असे समजतात. सूर गेलेला नसतो. कान जागच्या जागी आहे, फक्त यंत्राची मापे बदलली आहेत. दर तीन-चार आठवड्यांनी वरील रीतीने पट्टी नव्याने शोधावी. सहजपणे लागणारे चार-पाच स्वरच म्हणावेत, वरच्या स्वरांसाठी जोर करू नये. घसा दुखत असेल तर त्या दिवशी तानपुऱ्याच्या तारा जुळवाव्यात. शिक्षकांनी अशा मुलाला समूहगीतातून काढण्याऐवजी खालच्या सप्तकात गाऊ द्यावे. अर्ध्या कंप्रतेचा स्वर मूळ स्वराशी जुळतोच.

काही मुलांना खरोखरच स्वरांची उंची ओळखता येत नाही हे खरे. अशी माणसे शंभरात एक-दोन असावीत असे आजचे मोजमाप सांगते. चाळीसच्या वर्गात एखादा निघेल किंवा निघणारही नाही. ओठ हलवायला सांगितलेल्या मुलांची संख्या नेहमीच याहून जास्त असते.

एवढा सराव झाला, की पाच-सहा महिन्यांनी घरात एक गमतीचा प्रसंग येण्याचा संभव आहे. तानपुरा चालू आहे, आई किंवा वडील पेटीवर गांधार धरून आहेत, आणि मूल म्हणते, "पेटीचा ग बरोबर नाही. लाटा येताहेत." मोठ्यांनी येथे रागावू नये. मुलाचे म्हणणे खरे आहे. सा २४० मानू. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा पाचवा उपस्वर १२०० कंपनांचा असतो. तो ज्या गांधाराशी जुळतो त्याची कंपने ३००, कारण त्याची चौपट १२०० होते. पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, आणि तिचा गांधार सुमारे ३०२.४ चा येतो. त्याची चौपट सुमारे १२०९.५. दोहोंत साडेनऊचा फरक, म्हणजे सेकंदाला नऊ-दहा लाटा. पेटीच्या या स्वरांवर जाणकारांनी पूर्वीपासून आक्षेप घेतला आहे. आपल्याकडे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी हिंदुस्थानी स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवरील आपले इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीची साथ बंद केली, आणि ती बंदी १९७० नंतर शिथिल झाली. हीच परीक्षा पंचमावर घेऊन पाहा. शुद्ध पंचम ३६०, पेटीचा सुमारे ३५९.६. त्यांची दुप्पट ७२० आणि ७१९.२, सेकंदाला एकही पुरी लाट नाही. म्हणून ते मूल गांधाराबद्दल तक्रार करते, पंचमाबद्दल करत नाही.